कट्ट्यावरची हळहळ आणि पोहोच घेतलेला अर्ज

सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळेसाठी हळहळणारे गावोगाव आहेत. ‘दोन वर्ग एकत्र बसवतात’, ‘गुरुजी बदलून गेले, जागा रिकामीच’ असे आपण माजी विद्यार्थी देवळाच्या कट्ट्यावर बोलतो. ते बोलणे बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाच्या टपालात मात्र जात नाही. म्हणून या स्मरणिकेत आठवणींऐवजी कामाचे लिहितो.

आधी पट बघा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३ आणि ९१ ते १२० ला ४. पट ५९ असेल तर आणखी दोन मुले दाखल झाली की तिसऱ्या शिक्षकाची मागणी कायद्यात बसते. त्यासाठी एप्रिल-मेमध्येच घरोघर फिरावे लागते; जूनमध्ये कॉन्व्हेंटची फी भरून झालेली असते.

मागणी शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, ठरावाने जावी. कायद्याप्रमाणे अशा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. बोलण्याचा पहिला मान त्यांचा. आपले मूल तिथे शिकत नसेल तर आपण पुढारपण करू नये. आपण लेखणी द्यावी. घटनेच्या ३५० व्या कलमाने मराठीत अर्ज देता येतो, तो हक्क सोडू नये. पण सोबत कन्नड प्रत जोडली की टेबलावरचा कारकून ती लगेच वाचतो. दोन्ही भाषा नीट लिहिणारा माजी विद्यार्थी इथेच उपयोगी पडतो.

एका अर्जात एकच विषय. शिक्षक, शौचालय, कुंपण सगळे एकत्र लिहिले की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. इयत्तावार पट, मंजूर पदे, भरलेली पदे, रिकामी पदे हे आकडे हजेरीपटाशी जुळवून घ्या; एक आकडा चुकला तरी अर्ज परत येतो. सह्यांच्या प्रत्येक पानावर वर विषय लिहा, नाहीतर सुटे पान कशाचे हे कुणालाच कळत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब आले की देतो’ म्हटले तर थांबा.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये; कर्नाटकात विषय एकच, मजकूर साधारण १५० शब्दांत. ‘का केले नाही?’ असे विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. ‘आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी’ असे मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

या सगळ्याची एक फाइल माजी विद्यार्थ्याच्या घरी असावी. मूल शाळेतून बाहेर पडले की पालक समितीतून जातो, आणि फाइलही त्याच्या घरी राहून जाते. नव्या समितीला मग जुना आवक क्रमांकही माहीत नसतो.