१२ मुलं आणि ९० मिनिटं

मार्च संपत आला होता, तरी न्यू जर्सीतली थंडी हटत नव्हती. मुलाच्या बेसबॉल टीमला कोच मिळेना म्हणून पालकांना मेल आला आणि मी "मी करते" असं कळवून टाकलं. माझं भांडवल एकच: जळगावला शाळा-कॉलेजात खेळलेला सॉफ्टबॉल. त्यातला चेंडू मोठा, पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणं, खांद्याखालून. पण दोन बेसमधलं, म्हणजे पळत गाठायच्या दोन ठिकाणांमधलं अंतर लिटल लीगच्या, म्हणजे इथल्या लहान मुलांच्या बेसबॉलच्या, मैदानासारखंच, ६० फूट. ते माझ्या पायांना पाठ होतं. स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतात, ते सोपस्कार झाले आणि ९-१० वर्षांची १२ मुलं माझ्या ताब्यात आली.

पहिली प्रॅक्टिस मी शाळेत पाहिली होती तशीच घेतली. मी चेंडू टाकायचा, एकाने बॅटिंग करायची, बाकीच्यांनी फिल्डिंग. दीड तासात सगळ्यांची बॅटिंग झाली, कोणाला लागलं नाही. मी खुशीत होते. परतताना गाडीत मुलाला विचारलं, "कसं वाटलं रे?" तो म्हणाला, "आई, माझ्याकडे बॉल तीनदाच आला." तो राइट फील्डला, म्हणजे लांब उजव्या कोपऱ्यात उभा होता, तिथे चेंडू क्वचितच जातो.

रात्री वही काढली. प्रत्येकाला सात मिनिटं बॅटिंग, बारा साती चौऱ्याऐंशी. म्हणजे प्रत्येक मूल सात मिनिटं खेळलं आणि सव्वा तासाहून जास्त वेळ गारठ्यात उभं राहिलं. कोणी गवत उपटत बसलं होतं, कोणी ग्लोव्ह डोक्यावर घालून गिरक्या घेत होतं, त्यांना मी दोनदा ओरडले होते. चूक त्यांची नव्हती. जळगावला ही पद्धत खपून जायची, कारण आम्ही रोज अंधार पडेपर्यंत मैदानावरच असायचो. इथे मैदान आठवड्यातून दोनदा, तेही ठरल्या वेळेपुरतं. पुढची टीम कुंपणापाशी येऊन थांबलेली असते. तेव्हापासून प्रॅक्टिस आखताना आज काय शिकवायचं हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर टाकला. पहिला प्रश्न, आज प्रत्येकाच्या हाताला चेंडू किती वेळा लागणार?

पुढच्या वेळी खिशात एक कार्ड होतं. १० मिनिटं पळणं आणि अंग मोकळं करणं, १० मिनिटं जोडीने थ्रो, मग तीन ठिकाणी चार-चार मुलांचे गट, दर १५ मिनिटांनी गट बदलायचा. त्यानंतर २० मिनिटं मॅचसारखा खेळ, शेवटची ५ मिनिटं बोलणं आणि सामान गोळा करणं. पाणी गट बदलतानाच प्यायचं.

तीन ठिकाणं म्हणजे तीन मोठी माणसं. मी एकटी. मग कुंपणाबाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या आईबाबांना आत बोलावलं. एका मुलीच्या बाबांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती, त्यांना टी-वर, म्हणजे कमरेएवढ्या उभ्या दांडीवर, फटक्यासाठी चेंडू ठेवायचं काम दिलं. एवढंच काम, सूचना द्यायच्या नाहीत. हे मी सगळ्यांनाच हात जोडून सांगितलं होतं. तीन मोठ्यांनी तीन तऱ्हेने कोपर कुठे ठेवायचं ते सांगितलं की मूल बॅट फिरवायचंच विसरतं.

टी आणि जाळी असली की पिचर लागत नाही, हे या आखणीतलं माझं सर्वांत लाडकं गणित. एक मूल पाच मिनिटांत तीसेक फटके सहज मारतं. दुसऱ्या ठिकाणी ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू. आधी ग्लोव्ह काढून, टेनिस बॉल हाताने घरंगळत सोडायचा. हात जमिनीला, चेंडू आला की दुसरा हात वरून झाकण, मगरीच्या जबड्यासारखा. ग्लोव्ह नसला की पाय हलवावेच लागतात. तिसरं ठिकाण दर वेळी बदलायचं: उंच चेंडू, बेसवरचं वळण, कटऑफला, म्हणजे मधल्या फिल्डरला थ्रो.

आमच्यातला एक मुलगा सुट्टीत पुण्याला आजोबांकडे भरपूर क्रिकेट खेळून आला होता. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात; हा फटका छान मारायचा आणि बॅट घेऊनच पळायचा, फर्स्ट बेसवर ती टेकवायचा सुद्धा. सांगून उपयोग होईना. टी-जवळ जमिनीवर एक रिंग टाकली. फटका मारला की बॅट त्या रिंगमध्ये ठेवायची आणि तीन पावलं पळायचं, प्रत्येक फटक्याला. तिसऱ्या प्रॅक्टिसला सवय मोडली. शब्दांनी होत नाही ते मांडणीने होतं, हे मला त्याने दाखवलं.

एका मुलीची गोष्ट वेगळी. ती चेंडूला घाबरायची. बेसबॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण लागायचा तसाच लागतो. पिच, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू, आला की ती मागे उडी मारायची, आणि कुंपणाबाहेरून "घाबरू नकोस" असं सगळे ओरडायचे. भीती खरी होती, मग तिला खरं उत्तर हवं होतं. मी टेनिस बॉल घेतले आणि तिला सांगितलं, मी मुद्दाम तुझ्या अंगावर टाकणार. तू छाती माझ्याकडे करायची नाहीस, मागे वळायचं, हनुवटी खांद्यात, बॅट खाली. पाठीवर टेनिस बॉल बसला तेव्हा ती हसली. दर प्रॅक्टिसला दहा चेंडू, मे महिना उजाडेपर्यंत. कार्डावर तेवढी ५ मिनिटं मी कधीच खोडली नाहीत.

पिचिंगच्या बाबतीत मात्र मी कडक होते. लिटल लीगमध्ये २००७ पासून पिच मोजतात. ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ ची मर्यादा. ३६ ते ५० टाकले तर दोन दिवस विश्रांती, ६६ च्या वर गेले तर चार. हा हिशेब मॅचचा. पण कोपराच्या हाडाची वाढीची जागा या वयात अजून कच्ची असते, आणि त्या कोपराला मॅच आणि प्रॅक्टिस यांतला फरक कळत नाही. म्हणून शनिवारी ५० टाकलेल्या मुलाच्या नावापुढे मी सोमवारच्या कार्डावर 'पिचिंग नाही, थ्रो कमी' असं लिहायचे. एका पालकांना ते आवडलं नाही. मी वही उघडून आकडे दाखवले आणि निर्णय बदलला नाही.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या, हेही मी ठेवलं नाही. आम्ही त्या भरपूर मारल्या आहेत. पळण्यातला आनंद त्याने जातो आणि बेसबॉलमध्ये पळणं तर कमवायचं असतं.

शेवटच्या २० मिनिटांवर मी सर्वांत जास्त विचार करायचे. फर्स्ट बेसवर रनर, शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरकडे) ग्राउंडर: चेंडू कुठे टाकायचा? मी उत्तर सांगायचे नाही. खेळ थांबवायचे, "कोणाला सक्तीने पळावंच लागणार आहे?" एवढंच विचारायचे. (बॅटर फर्स्टकडे येतो, म्हणून तिथल्या रनरला सेकंडकडे पळावंच लागतं.) पहिल्या महिन्यात बारा तोंडांतून पाच उत्तरं. एप्रिलच्या अखेरीस सेकंड बेसवरची मुलगी चेंडू येण्याआधीच हात वर करून ओरडायला लागली, "इकडे, इकडे!"

कार्ड पुरं झालं असं फार क्वचित झालं. पाऊस, उशिरा आलेली मुलं, नाकातून रक्त. खोडलेलं काय ते घरी येऊन पुढच्या कार्डावर वर लिहायचे.

जूनच्या शेवटच्या प्रॅक्टिसला मी वीस मिनिटांची जागा कोरी ठेवली आणि मुलांना विचारलं. त्यांना तुम्ही-पिच-करा खेळ हवा होता. चेंडूला घाबरणारी ती मुलगी सगळ्यांच्या आधी बॅट घेऊन उभी राहिली. "कोच, टेनिस बॉल नको," ती म्हणाली. मी बादलीतून खरा चेंडू उचलला.