टॉप गिअरचा हिशेब: नोंद तिसरी

ताशी ७० ला चौथ्यापेक्षा पाचव्या गिअरात पेट्रोल कमी लागतं का, आणि का, याचा हा हिशेब. या आठवड्यात आकड्यांचा मेळ बसला. आधीच्या दोन नोंदींत नुसतं टाकी फुल करून ॲव्हरेज काढलं होतं. आता ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे थ्रॉटलपुढच्या हवेच्या नळीतला, दाब सलग टिपलाय.

गाडी तीच, १.२ लिटर पेट्रोल, टायर १६५/८० आर १४. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर ताशी ७० ला चाक मिनिटाला साधारण ६१४ फेरे घेतं. गिअरचं गुणोत्तर चौथ्यात ०.९७, पाचव्यात ०.७५, फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) ४.३. म्हणजे चौथ्यात २५६० आरपीएम, पाचव्यात १९८०. सपाट रस्ता, वारा पडलेला, दोन्ही दिशांनी फेऱ्या. दाब चौथ्यात ४० किलोपास्कलच्या आसपास, पाचव्यात ४७. आणि पेट्रोल पाचव्यात जवळपास १० टक्के कमी!

दाब वाढला म्हणजे इंजिनावरचा लोड वाढला, तरी पेट्रोल कमी लागलं, इथं मी दोन दिवस अडकलो होतो. त्या वेगाला चाकांवर लागणारी ताकद दोन्ही गिअरांत तीच, माझ्या हिशेबाने ५ किलोवॅटच्या आतच. चौथ्यात ती जास्त फेऱ्यांत वाटली जाते, म्हणून दर फेरीचा घास, म्हणजे आत जाणारं हवा-पेट्रोल, लहान. घास लहान ठेवायला थ्रॉटल बरंचसं मिटलेलं राहतं आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच पिस्टनची शक्ती जाते. घर्षण वेगळंच. डिझेलला हवा अडवणारं थ्रॉटल सहसा लागत नाही, त्यामुळे हा तोटा तिथं फारसा नाही.

मोठ्या पेट्रोल इंजिनाचं दुखणंही हेच. त्याच ५ किलोवॅटसाठी २ लिटरचं इंजिन आणखी मिटलेल्या थ्रॉटलवर चालतं. मित्राच्या २ लिटरच्या गाडीत यावर लांब सहावा गिअर दिलाय. हायवेला तिचं ॲव्हरेज माझ्या बरंच जवळ येतं. शहरात मात्र सहावा पडतच नाही, सिग्नलला मोठं इंजिन नुसतं उभ्या उभ्या पेट्रोल पितं, आणि तिथं ती पार मागे पडते. मला हा या महिन्यातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

उलट टोकही पाहिलं. चढावर ताशी ४० ला हट्टाने पाचवा ठेवला तर इंजिन थरथरतं, एक्सलरेटर तळाला टेकवावा लागतो. अशा वेळी ठोका (मिश्रण अवेळी, झटक्याने पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क उशिरा देतो, पूर्ण थ्रॉटलला मिश्रणही दाट करतो. मिळवलेलं तिथंच जातं. चढाला गिअर खाली घ्यायचाच.

पुढची नोंद १७५/८० टायरची. घेर अडीच टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ओडोमीटर तेवढं अंतर कमी दाखवेल. ती दुरुस्ती केल्याशिवाय ॲव्हरेजचा आकडा वहीत उतरवणार नाही.