टॅरोचे पत्ते आणि टारा ब्रोच

डब्लिनमध्ये पर्यटकांच्या कोणत्याही दुकानात शिरा, ‘केल्टिक टॅरो’चा एखादा संच हमखास दिसतो. त्यावर हिरव्या मखमली झग्यातली, घोळदार बाह्यांची राजकन्या असते. मागे तीन वेटोळ्यांचं चिन्ह आणि चारी बाजूंनी गाठींची नक्षी. खाली लिहिलेलं असतं, ‘प्राचीन ड्रुइडांचं ज्ञान’, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांचं. हे पाहून मला राग येतो. इथे राहायला लागल्यापासून या कलेवर माझा फार जीव जडलाय, म्हणून जास्तच येतो.

ती तीन वेटोळी न्यूग्रेंज या आयर्लंडमधल्या प्राचीन थडग्याच्या दगडांवरची आहेत. न्यूग्रेंज बांधलं गेलं इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, म्हणजे केल्टिक भाषा बोलणारे लोक या बेटावर यायच्या कितीतरी आधी. गाठींची नक्षी उलट बरीच नंतरची. ती बहरली सातव्या शतकापासून, मठांमधल्या ख्रिस्ती भिक्षूंच्या हातून. ड्रुइडांनी ती काढल्याचा काही पुरावा नाही. आणि मखमली झगा तर कुठलाच नाही. इथली माणसं अंगात लिननचा लांब सदरा घालत, त्याला लेने म्हणत, आणि वरून ब्रात नावाची लोकरीची मोठी चौकोनी शाल पांघरत. रंगांचेही नियम होते. जुन्या आयरिश कायद्यात दुसऱ्याच्या घरी वाढायला पाठवलेल्या मुलांना कोणत्या रंगाचे कपडे द्यायचे ते ठरलेलं असे. जांभळा आणि निळा राजाच्या मुलांना, मळकट रंग साध्या शेतकऱ्याच्या मुलांना. खरं इतकं सुंदर असताना खोटं कशाला विकायचं?

मी स्वतः वापरते तो संच १९०९ साली लंडनमध्ये निघालेला, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. तो प्राचीन असल्याचा दावा मी करत नाही. टॅरो मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाला, गूढविद्येशी त्याचं नातं अठराव्या शतकातलं. पण आयर्लंडचा धागा त्यात खरोखर आहे. कवी येट्स आणि पामेला दोघेही लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढ मंडळाचे सभासद होते. येट्सला आयर्लंडसाठी वेगळा केल्टिक पंथ उभारायचा होता, आणि त्याच्या मध्यभागी ठेवायच्या होत्या इथल्या पुराणातल्या देवांच्या चार वस्तू: नुआदाची तलवार, लूचा भाला, दाग्दाची कढई आणि राजा ओळखणारा दगड. टॅरोचे चार गट आठवून बघा. तलवार, काठी, पेला, चकती. मॅजिशियनच्या पत्त्यावर चारही टेबलावर मांडलेले दिसतात.

माझी साधना साधी आहे. सकाळी देवापुढे दिवा लावते, रामरक्षा म्हणते, मग एक पत्ता काढते. जमेल तेव्हा दुपारी किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन त्याच्याशी जुळणारी वस्तू शोधते आणि तिच्यासमोर उभी राहते. भविष्य वगैरे काही बघत नाही. पेला आला की आर्डा चॅलिस हा जुना चांदीचा पेला.

जानेवारीत एकदा ‘जस्टिस’ आला. न्यायासनावर बसलेली व्यक्ती, अंगात लाल झगा, वर हिरवी शाल, आणि ती शाल गळ्याशी धरून ठेवणारी चौकोनी पिन. इतकी शिस्तीची, तोलाची मूर्ती, आणि तिचं वस्त्र टिकून आहे ते त्या एका पिनेवर. मी थेट टारा ब्रोचपाशी गेले, तीही शालीची पिनच.

टारा ब्रोचबद्दल मी कितीही बोलू शकते. १८५० मध्ये मीथ परगण्यात बेटीस्टाउनच्या समुद्रकिनाऱ्यापाशी तो सापडला. जुन्या आयरिश राजांच्या टाराच्या टेकडीशी त्याचा काही संबंध नाही, विकणाऱ्या जवाहिऱ्याने ते राजेशाही नाव चिकटवलं. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं काम. चांदीवर सोन्याचा मुलामा, अंबर, काच, आणि सोन्याच्या तारेची अशी जाळी की नुसत्या डोळ्यांनी तिचा माग लागत नाही. कड्याचा व्यास ९ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तळहातावर मावेल एवढाच, पण पिन ३० सेंटीमीटरहून लांब. कड्यावर पक्षी आणि प्राणी एकमेकांत गुंतलेले. आणि मागची बाजू! ती शालीला टेकणार, कुणाला दिसणार नाही. तरी त्या कारागिराने पुढच्याइतक्याच जिवापाड मेहनतीने ती घडवली आहे. कुणी म्हणेल श्रीमंताचा हट्ट. मला तसं वाटत नाही. देवळाच्या शिखरावर, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथे कोरीव काम करणाऱ्या पाथरवटाची ती जात आहे. हे पाहायला मला पत्त्याने पाठवलं, हे मी विसरत नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात माझं डोकं सारखं दुखत होतं. ३१ जानेवारीच्या रात्री इथे संत ब्रिजिडसाठी घराबाहेर कापडाचा तुकडा ठेवतात. रात्री ती जाता जाता त्याला आशीर्वाद देते, मग तो तुकडा डोकेदुखीला, बाळंतपणाला, आजारी गुरांना उपयोगी पडतो अशी श्रद्धा आहे. त्याला ब्रात ब्रिज म्हणतात. १ फेब्रुवारीला सकाळी शेजारच्या आजी चर्चला जाण्याआधी माझ्या दारात आल्या आणि पांढऱ्या कापडाची पट्टी माझ्या हातात ठेवून गेल्या. मी गोळी घेतली आणि पट्टीही बांधली. आईला फोनवर सांगितलं तर तिचा गळा दाटून आला.

मामांना मात्र हे पटत नाही. फॅमिली ग्रुपवर पत्त्यांचा फोटो टाकला तर त्यांनी लिहिलं, “इंजिनिअर होऊन तिकडे अंधश्रद्धा शिकलीस का?” मामा, राग मानू नका. ताईच्या लग्नाच्या वेळी तुम्हीच गावी ग्रामदेवतेला कळे लावून कौल घेतला होता. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, उजवा कळा पडला, आणि तुमच्या चेहऱ्यावरची काळजी मी तेव्हा उतरताना पाहिली. त्या कौलाला मी कधी नावं ठेवली नाहीत, पुढेही ठेवणार नाही. प्रश्न मनात धरून चित्रासमोर बसावं हे मी त्याच देवळात शिकले. इथे फक्त चित्रं वेगळी मिळाली.

तुम्ही मे महिन्यात येताय. मोहेरचे कडे, गिनीसचा कारखाना सगळं बघू, पण पहिल्या दिवशी किल्डेअर स्ट्रीट. प्रवेश फुकट आहे, सोमवारी मात्र दुपारी उघडतं. पत्ता मी काढीन, वस्तू तुम्ही शोधायची.