ह्यांचा नंबर

आज परत ह्यांच्या नंबरवर रिचार्ज मारला. मुलगा म्हणतो आई बंद कर ना ते सिम, गॅस, बँक सगळं तुझ्या नंबरवर केलंय की. मी म्हटलं बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यालाही कळतं.

परवा त्यावर एका लोनवाल्याचा फोन आला, साहेब आहेत का, तर माझ्या तोंडून निघून गेलं, बाहेर गेलेत. नंतर हसूच आलं, मग कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा पार गाळ.

बोलते मी ह्यांच्याशी. मोठ्याने, भाजी निवडताना. जास्त करून भांडतेच. अहो, पॉलिसीचे कागद कुठे ठेवलेत हे सांगून तरी जायचं! 2022 चं कालनिर्णय अजून नव्याच्या खाली टांगलेलं आहे, दुधाचे खाडे ह्यांच्या अक्षरात, नोव्हेंबरच्या 9 तारखेपर्यंत. पुढे कोरं.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ठराव केला होता, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. पुढे सरकारनेही परिपत्रक काढलं. तरी त्या दिवशी बायका जमल्याच, पण सासूबाई म्हणाल्या, तिला हात लावायचा नाही. स्वतः 30 वर्षं मोकळ्या कपाळाने काढलेली बाई. म्हणून टिकली, जोडवी आहे तसं आहे, पण खरं सांगू का, टिकली मी लग्नाआधीपण लावायचे, तिच्यात हे नाहीत. हे त्या खाड्यांत आहेत.

रात्री कधी कधी पलंगाच्या त्या बाजूला कूस बदलल्यासारखं वाटतं. डोकं फिरलं की काय असं वाटायचं. मग कुठेतरी वाचलं, वेल्समधल्या एका डॉक्टरने 1971 साली 293 विधवा-विधुरांचा अभ्यास छापला होता, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलेलं आणि बहुतेकांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. मीपण नव्हतं सांगितलं. जाऊबाईंना सांगितलं असतं तर शांत करून घ्या म्हणाल्या असत्या, त्यांचं एकच औषध.

हे नाहीत ते मला कळतं हो. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला मीच देऊन येते, माझ्या एकटीचा.

आत्ता आतल्या खोलीत ह्यांचा फोन वाजला. रिचार्ज झाल्याचा मेसेज असणार. चार्जिंगला लावायला पाहिजे, दोन टक्केच होती सकाळी.