साडेनऊ तासांवरून टवाळकी

सिनेमा एकट्याने बघता येतो, पण त्याची टिंगल करायला किमान दोघं लागतात. एक भारतात, एक जर्मनीत आणि एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर हिरोच्या विगवर मारलेला टोमणा विग दिसत असतानाच पोचला पाहिजे. पाच सेकंदांनी पोचला तर तो टोमणा राहत नाही, निवेदन होतं. म्हणून एकत्र बघण्याची सगळी खटपट शेवटी वेळ जुळवण्याची आहे.

आधी घड्याळ. भारतीय वेळ वर्षभर तीच राहते, बाकीच्यांची सरकते. उन्हाळ्यात भारतात शनिवारचे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा जर्मनीत संध्याकाळचे पाच आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा. हिवाळ्यात तेच चार आणि दहा होतात. गोची होते ती मार्चमध्ये. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे ना उन्हाळ्याचं गणित लागू पडतं, ना हिवाळ्याचं. शरद ऋतूत हाच घोळ उलट्या क्रमाने आठवडाभर चालतो, कारण युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. उपाय सोपा आहे. कॅलेंडरमधलं निमंत्रण भारतीय वेळेवर बांधा आणि ग्रुपवर ‘आज रात्री’ लिहिणं बंद करा. कोणाची रात्र?

मग प्रत किंवा प्रिंट. एकाने लावायचं आणि स्क्रीन शेअर करून बाकीच्यांनी बघायचं, हा आळशी मार्ग बहुतेक वेळा फसतो. ओटीटीवरच्या चित्राला कुलूप असतं, त्यामुळे समोरच्याला काळा चौकोन दिसतो आणि फार तर संवाद ऐकू येतात. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या खात्यावर, आपापल्या पडद्यावर लावावं आणि गप्पांसाठी फोन वेगळा ठेवावा. हक्क देशागणिक विकले जात असल्याने एकाकडे सिनेमा असतो आणि दुसऱ्याकडे नसतो. खातं भारतात उघडलेलं असलं तरी बऱ्याच सेवा तुम्ही आत्ता कुठे बसलाय तेच बघतात. त्यात लॉगिनसाठी लागणारा ओटीपी भारतातल्या सिमवर, म्हणजे बाबांच्या फोनवर जातो, आणि त्याची मुदत जेमतेम काही मिनिटांची. बाबा चष्मा शोधेपर्यंत ती संपते. लॉगिन आदल्या दिवशी उरकलेलं बरं.

सुरू करण्याआधी प्रत्येकाने सिनेमाची एकूण लांबी मोठ्याने वाचावी. हे दहा सेकंदांचं काम कोणी करत नाही आणि मग तासभर भांडणं होतात. लांबीतला फरक दोन प्रकारचा असतो. सुरुवातीला जादा लोगो किंवा तंबाखूविरोधी सूचना असेल, तर तो ठरावीक फरक झाला. एकदा तेवढं पुढे-मागे केलं की काम भागतं. मात्र थिएटरच्या भारतीय प्रिंटमध्ये ती सूचना मध्यंतरानंतरही येते, तेव्हा पुन्हा जुळवावं लागतं. दुसरा प्रकार वाईट. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा टीव्हीसाठी २५ च्या वेगाने चालवण्याची युरोपातली जुनी पद्धत आहे आणि तशा प्रती अजूनही फिरतात. त्यात १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. दर दहा मिनिटांना २४ सेकंदांची तफावत पडत जाते. कितीही वेळा पॉज करा, ती परत वाढते. अशा वेळी सिनेमाच बदला. जाहिरातींचा स्वस्त प्लॅन घेतलेला मित्रही याच वर्गातला. त्याच्याकडे नेमकी कधी आणि किती जाहिरात येईल, ते बाकीच्यांना कळायची सोय नाही. सव्वापट वेगाने सिनेमे बघणाऱ्याला तर या मंडळात घेऊच नये.

आता ‘एक, दोन, तीन, प्ले’. ही पद्धत मुळात चुकीची आहे, कारण मोजणाऱ्याचा आवाज उशिरा पोचतो. शिवाय अर्धे लोक ‘तीन’ला बटण दाबतात आणि अर्धे ‘प्ले’ला. त्यापेक्षा सगळ्यांनी लोगो संपून पहिलं चित्र येतं तिथे थांबावं. मिनिटभर तसंच ठेवावं, म्हणजे पुढचा भाग थोडा भरून घेतला जातो. मग सेकंदकाटा दाखवणारं फोनचं घड्याळ समोर धरून ठरलेल्या मिनिटाच्या ठोक्याला बटण दाबावं. नेटवर लावलेली फोनची घड्याळं बहुतेक वेळा सेकंदाच्या आत जुळलेली असतात. पाच मिनिटांनी एखादं दार आपटलं किंवा कोणी थोबाडीत खाल्ली की खात्री करून घ्यावी. अर्ध्या सेकंदाचा फरक चालतो. दोन सेकंदांचा चालत नाही, कारण पुढे असलेला हसतो आणि बाकीच्यांना विनोद आधीच कळतो.

चित्र जुळलं तरी हसणं जुळत नाही, आणि खरी मजा त्यातच जाते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. भारतापासून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत बारा-तेरा हजार किलोमीटर, म्हणजे एका बाजूचा ६० मिलिसेकंदांचा उशीर निसर्गाचाच झाला. तो कोणाच्या बापाला कमी करता येत नाही. समुद्रातल्या केबल वळणं घेत जातात, वाय-फाय स्वतःचा वाटा घेतं आणि ब्लूटूथ हेडफोन आणखी दीडशे-दोनशे सहज घालतात. सिनेमा चालवताना ॲप ब्लूटूथचा उशीर ओळखून चित्र तेवढं थांबवून घेतं. फोनवरच्या मित्राला कोण थांबवणार? दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही आणि ४०० च्या पुढे संभाषण बिघडतं. त्याचं लक्षण सगळ्यांना माहीत आहे:

‘अरे, हा मागच्या सिनेमात पण...’
‘याची ॲक्टिंग...’
‘बोल, बोल.’
‘नाही, तू बोल.’

तोवर सीन बदललेला असतो. आपल्या हातात आहे तेवढं करावं. तारेचे इअरफोन लावावेत, लॅपटॉपला नेटची केबल जोडावी, नाही तर राउटरच्या खोलीत बसावं. कॉलवरचा कॅमेरा बंद ठेवावा. अंधारात कोणाचंही तोंड दिसत नाही आणि जाणारा डेटा वाचतो.

हसणं गायब होण्याचं दुसरं कारण म्हणजे आवाज गाळण्याची सोय. कॉलिंग ॲपला बोलणं तेवढं कळतं. खो-खो हसणं, टाळी, च्यक्-च्यक् हे सगळं त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखं. सेटिंगमध्ये ही सोय बंद करावी किंवा कमीवर ठेवावी, पण सगळ्यांनी इअरफोन लावलेले असतील तरच. नाही तर प्रतिध्वनी सुरू होतो. प्रतिध्वनीचा गुन्हेगार शोधायचा नियम पाठ करण्यासारखा आहे: ज्याला तो ऐकू येत नाही, दोष त्याच्याकडे. त्याच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्याच्या माइकमधून तुमच्याकडे परत येतो. ‘माझ्याकडे तर काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणणाऱ्याला आधी म्यूट करा.

कोणी तरी हमखास म्हणतो, ‘कोट्यवधींचा सिनेमा, पण दुपारच्या मालिकेसारखा का दिसतोय?’ दोष छायाचित्रकाराचा नसतो. नवा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाची चित्रं घुसवून हालचाल गुळगुळीत करतो. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव देऊन ठेवलंय: ऑटो मोशन प्लस, ट्रूमोशन, मोशनफ्लो. ‘मोशन’ दिसलं की बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो एक लावला तरी पुरतं. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे वाटत असतील, तर आवाजाच्या यादीत सहा स्पीकरांसाठीच्या ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडून बघा. टीव्हीच्या दोन स्पीकरवर बऱ्याचदा फरक पडतो.

न आलेल्यांसाठी ग्रुपवर चर्चा करायची असेल, तर पहिल्या ओळीत नाव आणि भाग क्रमांक एवढंच लिहा, खाली दहा-बारा ओळी मोकळ्या सोडा आणि मग काय ते बोला. कुलूपबंद फोनवर पहिली ओळच दिसते. टेलिग्रामवर मजकूर झाकून ठेवायची सोय २०२१ च्या डिसेंबरपासून आहे.

मालिका बघत असाल तर ‘पुढचा भाग आपोआप’ हे सेटिंग सगळ्यांनी बंद करा. ते प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं असतं, त्यामुळे खातं एक असलं तरी एकाने बंद करून बाकीच्यांचं होत नाही. नाही तर श्रेयनामावलीवर ‘हा कोण रे, मेकअप याने केला होय?’ असं चालू असताना एकाकडे पुढचा भाग सुरू होतो, आणि गेल्या भागात मेलेला माणूस पहिल्याच मिनिटाला जिवंत दिसला की तो ओरडतो.