कानानं निवडलेला टीव्ही

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानात मी टीव्ही विकतो. दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे आमची सुगी, पण २०२५ ची दिवाळी विचित्रच होती. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच महिन्यात मराठवाड्यात पावसानं दाणादाण उडवली. टीव्ही स्वस्त झाले तेव्हा गिऱ्हाइकाचं सोयाबीन पाण्यात होतं. एरवी माणूस आत आला की आधी मोठ्या पडद्यापुढं उभा राहतो. त्या वर्षी आधी किमतीच्या चिठ्ठ्या वाचायचा.

अशातच एका दुपारी औसा तालुक्यातले एक मामा आले, सोबत त्यांची आई. आडतीवर माल विकून, हिशोबाची पट्टी घेऊन थेट दुकानात. पट्टीचं मी विचारलं नाही. टीव्हीचे पैसे पुण्याहून पोरानं पाठवले होते. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, पावसात गळलं आणि जुना डबा टीव्ही भिजून गेला. पोरगा व्हिडिओ कॉलवर होताच. मामा फोन समोर धरून दुकानभर फिरत होते, त्यामुळं त्याला निम्मा वेळ आमचं छतच दिसत असावं.

"पंचावन्नचा घ्या पप्पा, फोर-के. एकशेवीस हर्ट्झ लिहिलंय का बघा."

लिहिलेलं होतं. पण त्या खोक्यावर १२० च्या आधी कंपनीनं एक भारदस्त शब्द जोडला होता. असा शब्द दिसला की आत पॅनल बहुतेक वेळा ६० चंच असतं आणि बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो खरा आकडा बारीक अक्षरातल्या माहितीत 'रिफ्रेश रेट' म्हणून सापडतो. पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "मग त्याच्या वरचं मॉडेल दाखवा."

इतका वेळ आज्जी गप्प होत्या. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडून सुतळीचा एक तुकडा काढला. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या.

"ह्ये आमच्या टेबलाचं माप हाय. ह्याच्यात बसंल त्योच दाव."

इंच-फुटांची पाठ केलेली माहिती घेऊन येणारे रोज भेटतात, पण कामाचं माप घेऊन येणारे फार थोडे. टीव्हीचा इंच हा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ५५ इंची टीव्ही आडवा साधारण चार फूट भरतो, ४३ चा तीन फुटांच्या थोडा वर. आणि टेबलावर ठेवायचा असेल तर पडद्याची रुंदी बाजूलाच राहते, दोन पायांमधलं अंतर बघावं लागतं. हल्ली पाय पार टोकाला असतात. आज्जींची सुतळी मी ५५ च्या पायांशी धरली, तर एक पाय गाठीच्या बाहेर. ४३ च्या पायांशी धरली, तर चार बोटं जागा उरली.

पोरगा म्हणाला, "भिंतीवर लावा ना मग."

मामा हसले. "भीत मातीची हाय बाबा. खुट्टी ठोकली तर ढेपूळ निघतंय."

खरंच आहे. माळवदाची भिंत हातभर जाड असली तरी फास्टनर धरायला वीट किंवा काँक्रीट लागतं. पांढऱ्या मातीत पंधरा किलोचा टीव्ही लटकवायला आमचा फिटिंगवालाही तयार होत नाही.

आता खरं तर ५५ चं एक मॉडेल असं होतं की त्याचे पाय आत सरकवून लावता यायचे. त्याच्यावर आम्हाला कमिशनही चांगलं होतं आणि काउंटरवरून मालक माझ्याकडंच बघत होते. पण मी विचारलं, "घरी बघता काय?" तर फ्री डिश. मग मागच्या खोलीतला फ्री डिशचा डबा आणून दोन्ही टीव्हींना लावला. दुकानात दिवसभर चालतात ते पोपट आणि फळांच्या फोडी कंपनीच्या पेनड्राइव्हमधल्या, फोर-केमध्येच शूट केलेल्या. फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल साध्या एसडी दर्जाचे. तेच चित्र ताणून फोर-केच्या ८३ लाख ठिपक्यांवर पसरवायचं म्हटल्यावर ५५ वर बातम्या देणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला नाकडोळेच उरले नाहीत. ४३ वर जरा बरं होतं. मामांनी फोन पडद्याकडं वळवला. पोरगा पहिल्यांदाच गप्प बसला.

जोडताना आणखी एक भानगड निघाली, तीही सांगून ठेवतो. फ्री डिशच्या जुन्या डब्याची वायर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची. बऱ्याच नव्या टीव्हींना त्या तीन भोकांची जागाच नसते. कुठं एक बारीक जॅक असतो आणि त्याला वेगळी जोडवायर लागते. ती खोक्यात आहे का, हे दुकानातच उघडून बघावं.

४३ वर एकमत झालं तरी समोर तीन कंपन्यांचे तीन नग होते. मी सवयीनं रॅमवर गेलो. १ जीबीचा घेऊ नका, वर्षा-दोन वर्षांत ॲप उघडायलाच रखडतो, २ जीबीचा घ्या. आज्जींनी मला मध्येच थांबवलं.

"मला डोळ्यानं धड दिसत न्हाई. ऐकू येतंय. कीर्तन लाव."

तिन्हींवर एकच कीर्तन लावलं, आवाजाचा आकडाही सारखाच ठेवला. आज्जी स्टुलावर डोळे मिटून बसल्या. इतकी वर्षं या धंद्यात आहे, डोळे मिटून टीव्ही बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहत होतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात, आवाज टेबलावर आपटून मग माणसाकडं येतो. सगळ्यात महागड्यावर मृदंग घुमत होता, पण बुवांचे शब्द रांजणातून आल्यासारखे. "ह्यो न्हाई." दुसऱ्यावर टाळ कानात टोचत होते. "ह्यो बी न्हाई." तिसऱ्यावर त्या बोलल्याच नाहीत, ऐकतच राहिल्या. तो तिन्हींत मधल्या भावाचा होता. वॅट मात्र तिघांच्याही खोक्यांवर २० च छापलेले.

माईकचं बटण दाबून दिलं तर आज्जी रिमोटला ओरडूनच म्हणाल्या, "पंढरपूर!" वारीचे व्हिडिओ रांगेनं आले. मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा दीड जीबी एचडीत एक-दोन तासांतच उडतो. यूट्यूबची क्वालिटी खाली करून ठेवा, कीर्तनाला तेवढी पुरते.

नग टेम्पोत चढवायला बाहेर गेलो तर मामा खोकं हरभऱ्याच्या बियाण्याच्या पोत्यांवर आडवं टाकायच्या बेतात. आडव्या खोक्यातला पडदा खड्ड्यात दणका बसला की दाबला जाऊन तडकतो आणि तडकलेली काच वॉरंटीत येत नाही. उभं करून दोरीनं बांधून दिलं. फिटिंगवाला दोन दिवसांनी येणार होता.

त्यांनी वाट कुठली बघायला! रात्री नऊला मामांचा फोन. "भाऊ, टीव्ही लागला. पण खाली सारखी एक पट्टी यायलीय, अन् चित्र लई भडक दिसायलंय."

पहिल्यांदा सुरू करताना टीव्ही विचारतो, घर की दुकान. त्यांच्याकडून 'स्टोअर' दाबलं गेलं होतं. त्यात चित्र दुकानातल्या ट्यूबलाइटांशी टक्कर घेण्याइतकं भडक राहतं आणि कंपनीची जाहिरात अधूनमधून तरंगत राहते. छतातल्या साण्यातून उजेड येणाऱ्या त्या खोलीत ते डोळ्यांवरच आलं असणार. मी म्हटलं, सेटिंगमध्ये जा, तिथं 'होम' करायचं.

मागून आज्जींचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे ती पट्टी. मला कुठं वाचता येतंय? तू कीर्तन बंद करू नगंस."