कुत्र्याचं रक्त कोर्टात चालतं का?

चोपडा-यावल पट्ट्यात गुरांचा डॉक्टर म्हणून फिरताना लोक लसीपेक्षा हेच जास्त विचारतात : "डाक्टरसाहेब, कुत्रानं रगत कोर्टमा चालस का?" रात्रीत कुणाच्या शेळ्या फाडलेल्या असतात, संशय शेजाऱ्याच्या कुत्र्यावर असतो आणि मोबाइलवर डीएनएची एखादी बातमी येऊन गेलेली असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : चालतं. पण त्यातून नेमकं काय सिद्ध होतं, तिथेच घोळ होतो.

कुत्रा आणि गुन्हा म्हटलं की आपल्याला श्वानपथक आठवतं. वास काढत आरोपीच्या दारात गेलेल्या कुत्र्याच्या पुराव्याला सर्वोच्च न्यायालयाने 1969 सालीच, महाराष्ट्रातल्या रेल्वे घसरवल्याच्या एका खटल्यात, फारसं वजन दिलं नव्हतं. कुत्र्याची उलटतपासणी कोण घेणार? डीएनएचं तसं नाही. तिथे कुत्र्याचं रक्त, लाळ, केस हा मुद्देमाल असतो आणि साक्ष देतो तो प्रयोगशाळेतला तज्ज्ञ. त्याला वकील हवं ते विचारू शकतो.

लंडनमध्ये 2009 साली एका 16 वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच्यावर कुत्रे सोडले होते. झटापटीत त्यातलाच एक कुत्रा जखमी झाला आणि त्याच्या रक्ताचा डीएनए 2010 मध्ये खटल्यात पुरावा म्हणून आला. अमेरिकेत सिएटलला 1996 च्या दुहेरी खुनात मारल्या गेलेल्या कुत्र्याचं रक्त आरोपींच्या जाकिटांवर मिळालं. शिक्षा झाली, टिकलीही. पण अपील न्यायालयाने 2003 मध्ये सुनावलं की ही पद्धत शास्त्रज्ञांमध्ये मान्य आहे का, हे आधी तपासायला हवं होतं. मला ते पटतं. यंत्रातून आलेला कागद आहे म्हणून मान डोलवायची नसते.

लांबचं कशाला, भुसावळहून इटारसीच्या पुढे होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. तिथे 2020 साली एका काळ्या लॅब्राडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. एक म्हणाला पिल्लू पचमढीहून आणलं, दुसरा म्हणाला इटारसीहून. पोलिसांनी पचमढीच्या बापाशी डीएनए जुळवून पाहिला, तो जुळला आणि कुत्रा पहिल्याला मिळाला. अशा वादात डीएनए फार चोख काम करतो, कारण प्रश्नच कुत्र्याचा असतो. खुनात प्रश्न माणसाचा असतो. तुमच्या पॅन्टवर माझ्या कुत्र्याचे केस मिळाले, तर तुमचा माझ्या कुत्र्याशी कधीतरी संबंध आला एवढंच म्हणता येतं. चहा प्यायला आलात तेव्हाही आला असेल.

केसांचं आणखी एक आहे. आपोआप गळलेल्या केसाला बहुधा कामाचं मूळ नसतं. त्यातून मिळतो तो फक्त आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि तो असंख्य कुत्र्यांत सारखाच असतो. 'हा नव्हे' म्हणायला तो उत्तम, 'हाच' म्हणायला तोकडा. ओढून निघालेला, मुळासकट केस किंवा रक्त असेल तर गोष्ट निराळी. आणि विकत घेतलेले जातिवंत कुत्रे एकमेकांच्या नात्यातले असतात, म्हणून तिथे जुळणी अधिक सांभाळून वाचावी लागते. आपल्या गल्लीतली गावठी त्या मानाने वेगवेगळी. गावठीला एवढा तरी मान!

आता तुमच्या शेळ्या. सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या बागांच्या कडेला, पहिला वाद असतो तो बिबट्या की कुत्रं हाच. बिबट्या ठरला तर वनखात्याची भरपाई, कुत्रं ठरलं तर काही नाही. त्यामुळे दातांच्या खुणा पाहताना आजूबाजूचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. जखमेतल्या लाळेवरून प्रयोगशाळा प्राणी ओळखू शकते. शेळीच्या रक्तात ती लाळ मिसळलेली असली तरी फक्त कुत्र्याचाच डीएनए उचलणाऱ्या चाचण्या आहेत. मात्र मी पोचेपर्यंत कुणीतरी जखमा धुऊन हळद भरलेली असते, नाहीतर गावातली कुत्री मढ्याला तोंड लावून गेलेली असतात. मग लाळ मिळाली तरी ती मारणाऱ्याची की नंतर खाणाऱ्याची, कसं सांगणार?

तेव्हा आधी फोन करा, मढं झाकून ठेवा, पाणी लावू नका. दाताला किंवा काट्याला केस अडकलेला दिसला तर कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो दमट होऊन नासतो. तेही पंचांसमोर. संशयित कुत्र्याचाही नमुना लागेल, आणि तो घ्यायला पोलिसांनी यावं, तुम्ही काठी घेऊन शेजारच्या अंगणात जाऊ नका.